जीपमधला कायदा

गाडीतल्या दारूच्या उघड्या बाटलीविरुद्ध कायदा हवा म्हणता? अहो, आमच्या जीपमध्ये तो नव्वद सालच्या सुमारासच झाला! आम्हाला सिल्वासाजवळच्या खडोलीच्या कारखान्यात नेणारा सुकदेव ड्रायव्हर गिअरपाशी उघडी बाटली ठेवून वळणावळणाला घोट घ्यायचा. टोकलं की म्हणे, "दारूबंदी गुजरातेत, सिल्वासात नाही!"

मग त्याच्या बायकोला त्याच कारखान्यात काम लागलं. पहिल्याच सकाळी मी माझी पुढची सीट तिला दिली, वर बाटलीही हातात दिली. "वहिनी, धरा जरा. सांडली तर आमचे ड्रायव्हरसाहेब रागावतील."

पहिल्या वळणाला सुकदेवचा हात सवयीनं बाटलीकडं गेला. वहिनीनं बाटली खिडकीबाहेर उलटी केली. "घरी दोन पोरं हायेत. आता आपण दोघंबी याच गाडीत."

सुकदेवनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. खडोलीचा रस्ता मी त्या दिवशी पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून पाहिला.