देवाचा कौल आणि संपतची मेंढरं

आमच्या शेजारचा संपत तुम्हाला माहीत आहेच, कुपवाडच्या कारखान्यात लेथ मशीनवर असतो तो. नोकरी सोडून आटपाडीकडं गावी जावं आणि वडिलांसारखी मेंढरं पाळावीत, असं त्याच्या मनात बरीच वर्षं होतं. ठरवायचं मात्र देवानं. म्हणून आम्ही त्याच्या गावी कौल लावायला गेलो. संपत, त्याची बायको शांता आणि साक्षीदार म्हणून मी. निवृत्त माणसाच्या वाट्याला अशीच पदं येतात.

पुजाऱ्यानं देवाच्या दोन्ही खांद्यांवर पाणी लावून एकेक फूल चिकटवलं. उजवं पडलं तर नोकरी सोडून गावी यायचं, डावं पडलं तर कारखान्यातच राहायचं. मग आम्ही नुसते बघत बसलो. गाभाऱ्यात गारवा होता, समई तेवत होती आणि लांब माळावरून मेंढरांच्या घंटा ऐकू येत होत्या. थोड्या वेळानं मला वाटायला लागलं की फुलं जागच्या जागी आहेत आणि आम्हीच सावकाश खाली चाललोय.

शांतानं कोपर मारलं तेव्हा उजवं फूल पडलेलं होतं.

बाहेर आलो तर संपतचं तोंड उतरलेलं.

"देव व्हय म्हणाला की रं," मी म्हटलं.

"त्येच की आवं. आता मेंढरं बुडाली तर बोलायचं कुणाला? हिला इचारलं असतं तर हिच्याशी भांडता आलं असतं. देवाशी कोण भांडणार?"

शांता चपला घालत होती. वर न बघता म्हणाली, "मग सोताला इचारायचं हुतं. भांडायला जल्मभराचा गडी मिळाला असता."