बिराप्पाशेजारचा खिळा

बानूबाई : आधी त्या डब्याचं त्वांड झाक, मग पानी पी.

बब्रुवान : मावशी, तुमचा फोटू कुठं काढतोय मी? मागच्या खडकाचा काढायलोय.

बानूबाई : खडक माझ्या मागं हाय आन डबा माझ्याकडं बघतुया. येडी समजतूस व्हय मला? धर, पानी घे. दमानं पी, ठसका लागंल. सायकल खांद्यावर घिऊन एवढा येडशीचा डोंगर चढून आलास, जरा दम तर खा.

बब्रुवान : हं. लई गार हाय पानी.

बानूबाई : पी, पर सांडू नगंस. औंदा झरा आटलाय, खालनं आनावं लागतंय. आता खरं सांग. माझ्या रामलिंगानं धाडलंय का न्हाय तुला?

बब्रुवान : मी तर दर आइतवारी येतो, मावशी. कारखान्याला सुट्टी असली की मला घरात बसवत न्हाई.

बानूबाई : दर आइतवारी येतूस, पर दर आइतवारी मला "पदर नीट घ्या" म्हनत न्हाईस. आज आल्या आल्या म्हनलास.

बब्रुवान : व्हय. रामलिंगानंच सांगितलं. आमी एकाच पाळीत हाव. म्हनला, माझी आई तुझ्याबिगर कुनाफुडं उभी राहायची न्हाई, तिचा एक फोटू काढ. हात जोडले त्यानं, मी काय करू?

बानूबाई : मला ठावच हुतं. खिळा बघून आले म्या.

बब्रुवान : कसला खिळा?

बानूबाई : नातीच्या बारशाला ढोकीला गेल्ते न्हवं. रामलिंगाच्या खोलीत भिताडावर आमच्या कारभाऱ्याचा फोटू हाय, हार घाटल्याला. त्याच्या शेजारी नवा खिळा ठोकलाय. मोकळाच. म्हनलं, ह्यो कशाला रं? तर म्हनला, असू दे आई. सून खाली बघाय लागली. एवढं बी कळत न्हाय व्हय मला? त्यो खिळा माझी वाट बघतुया.

बब्रुवान : त्याच्या मनात वाईट न्हाई, मावशी.

बानूबाई : वाईट कुठं म्हनते म्या? पोरगं लई मायाळू हाय. पर डोळं झाकलं की त्यो खिळाच दिसतुया, त्याला काय करू? चांगली दोन येळा भाकर खाते, डोंगर चढते, मेंढरं वळते. आन हितं माझी जागा धरून ठिवली.

बब्रुवान : बिराप्पामामाचा फोटू बघितलाय मी. त्यो...

बानूबाई : मेल्यावरचा हाय. म्हन की, दबकतूस कशाला? सकाळच्या पारी गेलं, तवा कुनाला तरी सुचलं, मानसाचा एक बी फोटू न्हाय. मग येडशीचा फोटूवाला आनला. भिताडाला टेकवून बसिवलं, नवा पटका बांधला. मान पडू ने म्हनून हनुवटीखाली काठी लावली. जलमभर मेंढरामागं पळनारा मानूस, माझ्याजवळ बी कंदी घटकाभर बसला न्हाय. आन आता बघावं तवा डोळं झाकून गप बसल्याला.

बब्रुवान : रामलिंगाला त्येच सलतंय, मावशी. म्हनला, माझ्या पोरीला आज्याचं डोळं दावता येत न्हाईत. आजीचं तरी दावावं.

बानूबाई : असं म्हनला?

बब्रुवान : कारखान्यात ऊस टाकत्यात त्या गव्हाणीजवळ उभा राहून म्हनला. यंत्राचा आवाज हुता, म्हनून बोलला आसंल.

बानूबाई : मला न्हाय सांगितलं. बापावर गेलाय. मेंढराशी बोलंल, मानसाशी न्हाय.

बब्रुवान : मग काढू का?

बानूबाई : थांब की. घाई कसली? त्या बहात्तरच्या दुष्काळात आमी रस्त्यावर खडी फोडत हुतो, तवा जीपमधनं एक सायब उतरला. म्हनला, बायांनो, हातोडं वर धरा, कुनी हसू नका. हसू नका म्हनल्यावर माझ्या शेजारच्या तारामतीला लईच हसू आलं. त्यानं काढला फोटू आन गेला. आमी कशा दिसलो, ते आमालाच ठाव न्हाय.

बब्रुवान : मी तसा नेत न्हाई. मेंढरांचा आनून दिला का न्हाई तुमाला?

बानूबाई : दिलास की. पेटीत ठिवलाय. त्यातल्या दोगी औंदा चाऱ्याबिगर गेल्या, पर फोटूत अजून चरत्यात. खरं सांगू का तुला? त्यो फोटू बघून म्या गप झाले. धूळ म्या रोज बघते. डोळ्यात जाती, नाकात जाती, शिव्या देते. तू त्या धुळीतनं ऊन येताना दावलंस. तवापास्नं सांजच्याला मेंढरं आत घालायच्या आधी म्या बी जरा उभी ऱ्हाते.

बब्रुवान : असं मला कुनी म्हनलं न्हाई, मावशी. बायको म्हनती, धूळ काढायला डोंगरावर कशाला जायाचं, घरात काय कमी हाय?

बानूबाई : तिचं बी खरं हाय. आन तुझी ती उतरायची तऱ्हा. आमची शेरडं बी त्या घसरड्यावरनं इचार करून उतरत्यात. तू सायकलीवर बसूनशान जातूस. पयल्यांदा बघितलं तवा म्हनलं, हे पोरगं जिवावर उदार हाय. दुसऱ्यांदा म्हनलं, हे पोरगं शिकल्यालं हाय. आता तुझी वाट बघते, खोटं कशाला बोलू?

बब्रुवान : उतरताना डोक्यात काय ऱ्हात न्हाई, मावशी. नुसता फुडचा दगड. आठवडाभर बॉयलरच्या धगीत उभा असतो, ते सगळं मागं पडतं.

बानूबाई : हं.

बब्रुवान : एक बोलू का? हाराचं तुमी लई मनावर घेतलंय. आमच्या घरात बी बाबासायबाचा फोटू हाय. आमची केशरमावशी रोज सकाळी फूल वाहती. त्यांला आमच्यात कुनी गेल्यालं धरत न्हाई. पोरगं परीक्षेला निघालं तर आधी त्यांला सांगून जातं.

बानूबाई : त्यांचं येगळं हाय, लेकरा. बघितलाय म्या तुमच्या वस्तीत त्यो फोटू. त्यांचा हात वर हाय, बोट असं दावल्यालं. ते काय तरी सांगत्यात, कुठं तरी जा म्हनत्यात. गप बसल्यालं न्हाईत.

बब्रुवान : मग तुमी बी गप बसू नका. काठी घ्या, मेंढरांत उभ्या ऱ्हावा.

बानूबाई : आन मग ती मेंढरं कापली म्हंजी?

बब्रुवान : कोन कापतंय?

बानूबाई : तुझ्या त्या उस्मानाबादच्या स्टुडिओत. आमच्या शांताक्काच्या सासूचा तसाच केला. चांगली म्हशीजवळ हुभी हुती बाई. म्हस कापली, गोठा कापला, नुसतं मुंडकं मोठं करून चौकटीत घातलं. वर गुलाबाची फुलं काढली. बाईनं जलमात गुलाब बघितला न्हवता.

बब्रुवान : (हसत) खरं हाय. तसंच करत्यात.

बानूबाई : मग मला असा फोटू पायजे की कुनाला मुंडकं कापाय येऊ ने आन हार घालाय हात धजू ने. त्यो दे तुझा घोडा इकडं.

बब्रुवान : सायकल? न्हाई, मावशी. नको त्ये.

बानूबाई : का? काष्ट्याचं लुगडं हाय माझं, दांडीची अडचन न्हाय. ल्हानपनी वळूवर बसलेली बाई हाय म्या.

बब्रुवान : ही मोठी सायकल हाय. मडगार्ड काढल्यालं, एकच बिरीक लागतोय. काय झालं तर रामलिंग मला कारखान्यात पाय ठिवू द्यायचा न्हाई.

बानूबाई : त्याला काय सांगायचं ते म्या सांगीन. एक तर असा काढ, न्हाय तर खिळा मोकळाच ऱ्हाऊ दे.

बब्रुवान : बरं. पर ऐका. रोलात एकच फोटू उरलाय. आन ह्यो साधा कॅमेरा हाय, ह्याच्यात हाललेलं मानूस पुसल्यागत येतं. मी सायकल ह्या दगडाला टेकवतो. तुमी बसा, हँडल धरा, माझ्याकडं बघा आन श्वास धरून बसा. हालायचं न्हाई.

बानूबाई : न्हाय हालत. धर हिकडनं. आई गं, उंच हाय की रं.

बब्रुवान : पाय टेकतोय का?

बानूबाई : एक टेकतोय. हितनं येगळंच दिसतंय सगळं. ती आमची वस्ती, त्यो रामलिंग देवाच्या देवळाचा कळस. एवढ्याशा उंचीनं बी फरक पडतोय बघ.

बब्रुवान : डोळं उघडं ठिवा. मी मागं जातो. पाय दगडावरच ऱ्हाऊ द्या, मावशी. बघा हिकडं. आता हालू नका. मावशी, पाय. मावशी, दगड सोडू नका. मावशी...

बानूबाई : बाजूला व्हय रं मेल्या, आले म्या.

बब्रुवान : बिरीक दाबा. उजवा हात. बाभळीकडं नगं, तरवडाच्या झुडपात घाला, झुडपात.

बानूबाई : ...

बब्रुवान : मावशी. बोला की काय तरी. कुठं लागलं? हात हालवून दावा.

बानूबाई : हात हाय जागेवर. त्वांडात पाला गेलाय. थू. तू हसतूस का रडतूस रं?

बब्रुवान : मलाच कळंना. थांबते म्हनला हुता न्हवं तुमी.

बानूबाई : थांबनारच हुते. पर उताराकडं बघितलं आन पाय आपूआप सुटला. बब्रुवाना, तू म्हनलास ते खरं हाय. डोक्यात काय ऱ्हात न्हाय. खिळा बी ऱ्हायला न्हाय.

बब्रुवान : मी पयल्यांदा हितनं उतरलो, तवा दोनी पाय घासत गेलो हुतो, मावशी. लाज वाटंल असा. तुमी एकदम सोडून दिली. तुमच्यापुढं मी काय न्हाई, खरं सांगतो.

बानूबाई : पुरं आता. काटक्या काढ पाठीवरल्या. आन फोटू?

बब्रुवान : बटन दाबलं हुतं. कवा दाबलं, ते आठवत न्हाई.

[तीन आठवड्यांनी. ढोकी, रामलिंगची खोली. भिंतीवर बिराप्पाचा फोटो, शेजारी मोकळा खिळा.]

रामलिंग : ह्यो काय फोटू हाय, बब्रुवान?

बब्रुवान : हाय त्यो असा हाय. मी काय बोलू.

रामलिंग : तुला डोळं म्हनलं हुतं. हितं डोळं कुठं हायत? लुगड्याचा पट्टा दिसतोय, दोन चाकं दिसत्यात, मागं खडक मातूर झ्याक आलाय. आन आई, तू सायकलीवर? ह्या वयात? पडली असतीस तर?

बानूबाई : पडलेच की. तरवडात.

रामलिंग : मला कुनी सांगितलं बी न्हाई.

बानूबाई : तू खिळ्याचं सांगितलंस का मला? रामलिंगा, म्या रागं भरत न्हाय. पोरीला आजीचं डोळं दावायचं हुतं तुला, व्हय का न्हाय? मग तिला डोंगरावर घिऊन ये. म्या हाय की अजून तिथं. डोळं बघंल, शिव्या बी ऐकंल.

रामलिंग : ते आनीन गं. पर भिताडाला लावायला काय तरी साफ पायजे का नको? त्वांडच पुसलंय तुझं. हालली हायस तू, आई.

बानूबाई : तुझ्या बापाचा बघ, किती साफ आलाय. जरा बी हालला न्हाय.

बब्रुवान : रामलिंगा, दुसरा रोल टाकू का? फुडच्या आइतवारी...

रामलिंग : नगं. दे त्यो हिकडं.

बानूबाई : काय करतूस?

रामलिंग : लावतो. खिळा हायच.

बानूबाई : जरा वाकडाच लाव. उतार हाय त्यो.