पाळकांचा झगा

—नाही, नाही, असे ताठ नका उभे राहू पाळकसाहेब, फोटो नाही काढत मी तुमचा! रविवारी चर्चमध्ये मंडळीपुढे जसे उभे राहता तसे राहा. हां, आता कसं माणसासारखं. पहिल्या झग्याला सगळेच नवे पाळक छाती फुगवतात, आणि दोन महिन्यांनी येतात—म्हणे टेलरकाका, पुढून सैल पडतोय. पडणारच! छाती खाली बसते ना तोवर. गळ्याशी घट्ट होतोय? आवंढा गिळून बघा. गिळला गेला? मग घट्ट नाही. बटणं एकवीस लागतील, आणि काजं करते आमची ही—म्हणजे करायची—सध्या बहिणीकडे गेलीय, आठ दिवस झाले. नाही हो, तब्येत ठणठणीत आहे तिची. काजं मीच करीन. माझी जरा जाड येतात, पण तिसऱ्या बाकावरून कुणाला दिसत नाहीत.

रविवारचं तुमचं प्रवचन मी लिहून घेतलंय बरं का, शिलाईच्या चिठ्ठीमागे—देवाची वाणी ओळखावी कशी. चार मुद्दे. आवाज चांगला आहे तुमचा. शेवटच्या मुद्द्याला मागे दोघी-तिघी रडत होत्या, पाहिलंत ना? मी नाही रडलो. मी विचार करत होतो, या पोराला—माफ करा, पाळकांना—विचारावं का एकदा. तीस वर्षं मी पहाटे साडेचारला उठतो. या स्टुलापाशी गुडघे टेकतो. डॉक्टर म्हणाले, वाटी झिजलीय, पायमशीन बंद करा. म्हटलं, डॉक्टर, पायमशीनला मोटर लावून दहा वर्षं झाली, हे दुसरंच काम आहे! ते हसले, मीही हसलो. मागणं काय माझं? पैसाअडका कधी मागितला नाही. सुज्ञपण दे, आणि तुझ्या जवळ येऊ दे, बस. सगळं पवित्र शास्त्र नऊ वेळा वाचून काढलं. आणि ऐकू काय येतं सांगू? वरच्या मजल्यावरच्या बाई नळ सोडतात ते. आणखी किती जवळ जायचं माणसानं? भिंतीला कपाळ टेकलंय माझं.

डावा हात जरा वर. जुन्या पाळकांचे झगे सव्वीस वर्षं मीच शिवले. शेवटी, दोन वर्षांपूर्वी, आजारानं वाळले तेव्हा झगा आत घ्यायला आले होते, तुम्ही उभे आहात ना, तिथंच उभे होते. मी म्हटलं, दीड-दीड इंच घेतो, पुन्हा अंगानं भराल तेव्हा उसवता येईल. म्हणाले, नको, दोन घ्या. मला कळलं काय ते. मान खाली घालून टाचण्या लावत होतो, आणि एकाएकी म्हणाले—जाऊ दे. तुम्ही नवे आहात, तुमच्या डोक्याला ताप कशाला.

नाही पण आता निघालंच आहे तर ऐका. आमच्या मुलाचं तुमच्या कानावर आलंच असेल, मंडळीत तोंडं काही कमी नाहीत. संडेस्कूलमध्ये वचनं पाठ म्हणण्यात पहिला यायचा, हो! मग कॉलेज, मग मित्र, मग दारू. एकदा जेवणाआधी मी प्रार्थना करतोय, डोळे मिटलेले, आणि हा म्हणतो कसा—पप्पा, कुणाशी बोलताय? तिकडे कुणी नाहीये. मी कानाखाली वाजवली. तो गेला. सहा महिन्यांनी परत आला, हातात पिशवी, तोंड एवढंसं झालेलं—म्हणाला, सोडली मी, घरात घ्या. ही पाणी आणायला आत धावली. आणि मी काय म्हणालो? म्हणालो, तीन दिवस मित्राकडे राहा, पाळकांना विचारून सांगतो. पाळक म्हणाले, तुम्ही उपास करा, मीही प्रार्थनेत धरतो. चौथ्या दिवशी मला बोलावलं आणि सांगितलं, देवानं दाखवलंय, आत्ता घेऊ नका त्याला. पुरता मोडू द्या, मग देव स्वतः उभा करील. आणि मला आनंद झाला हो! पोटच्या पोराला दारातून परत लावायचं, आणि बापाला आनंद—कसला आनंद तो? अहो, देव पहिल्यांदाच माझ्या घराबद्दल काहीतरी बोलला होता! आमच्या घराबद्दल! मी चालत नव्हतो, उडत घरी आलो. मुलाला तेच सांगितलं, शब्दन् शब्द. त्यानं पिशवी उचलली. अकरा वर्षं झाली त्याला.

तर इथं, टाचण्या लावताना, जुने पाळक म्हणाले—तुमच्या मुलाच्या वेळी मला काही ऐकू आलं नव्हतं. कधीच आलं नाही, म्हणाले. तुम्ही समोर इतक्या आशेनं बसला होता, रिकाम्या हाती कसं पाठवू? म्हणून बोललो. रडत होते. मी काय केलं असेल? म्हटलं, उजवा हात वर घ्या. पुढच्या महिन्यात गेले, त्याच झग्यात पेटीत ठेवलं त्यांना, आणि लोक म्हणत होते, काय नीट बसलाय! हिला मी अवाक्षर बोललो नाही. अकरा वर्षं ती त्यावरच तर जगत होती, की देवाची इच्छा होती म्हणून. ते काढून घेतलं तर तिच्यापाशी राहतं काय, सांगा ना.

तुम्ही म्हणाल, मग तेव्हाच मुलाला का नाही शोधलंत? शोधणार होतो. पण कोणत्या तोंडानं? आणि खरं सांगू, म्हटलं, या वेळी मध्ये कुणी नको, आपणच देवाला विचारावं. विचारत बसलो. दोन वर्षं! हसा, हसायचं असेल तर.

मागच्या आठवड्यात दुपारी फोन आला. आवाज ओळखायला मला वेळ लागला, बाप आहे मी त्याचा आणि वेळ लागला. म्हणाला, पप्पा, मी येऊ का? एवढंच. ना नमस्कार, ना काही. आणि माझ्या तोंडून काय निघावं? जीभ हासडून टाकावीशी वाटते—थांब बाळा, प्रार्थना करून सांगतो. सवय हो! मनात 'ये'च होतं, शपथ घेऊन सांगतो, आणि तोंडात ती तीस वर्षांची सवय. तो म्हणाला, बरं. आणि ठेवला. दिवसातून वीस वेळा लावतो तो नंबर, बंद आहे. ही मागेच उभी होती. मला वाटलं आता भांडेल, भांडली असती तर बरं झालं असतं. चपला घातल्या आणि गेली.

देवावर रागावलो नाही मी. रागवायला समोर कुणी तरी लागतं. पहाटे अजून उठतो, गुडघे टेकतो, मग वाटतं मागायचं काय आता, आणि किती वेळ तसाच राहतो, उठवतसुद्धा नाही. तुम्ही शिकून आलात पाळकसाहेब. मुद्दे नकोत मला, चारही नकोत. एवढंच सांगा—त्या दुपारी मी काही न विचारता नुसतं 'ये' म्हटलं असतं, तर देवाला चाललं असतं का? हो की नाही. एका शब्दात सांगा, लांबवू नका. खाली काय बघताय, माझ्याकडे बघा ना—काय? मोठ्यानं बोला.

प्रार्थना करून सांगता.

बरं. काढा तो झगा. हळू, टाचण्या लागतील. शनिवारी पाठवून देतो. या तुम्ही.