शाल, श्रीफळ आणि एक 'पण'

आजच्या सभेचे आणि आपल्या नवप्रकाश वाचनालयाचेही अध्यक्ष माननीय बाबारावजी, चिटणीस बळीराम मास्तर, व्यासपीठावरचे सन्मान्य पाहुणे, ज्यांना आज आपण निरोप देतो आहोत ते आपले ग्रंथपाल सेवादास राठोड, मागच्या रांगेत बसलेल्या त्यांच्या मातोश्री लालीबाई, आणि सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेल्या ढाणकीकर बंधुभगिनींनो,

मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. मुलींच्या शाळेत मास्तरकी करण्यात जन्म गेला माझा. दोन शब्दांत या कांताबाईचं कधी भागलं नाही, हे तुम्ही जाणताच. हसू नका गं मागच्या मुलींनो.

बळीराम मास्तर आत्ता म्हणाले की, सेवादासांमुळे गावाला वाचनाची गोडी लागली. कसल्या वाचनाची, ते मात्र त्यांनी सौजन्यानं टाळलं. मी सांगते. महाराष्ट्र झाला त्या साली हे वाचनालय निघालं, तेव्हा कपाटात संतवाङ्मय होतं, चरित्रं होती, शेतीची पुस्तकं होती. ती अजून आहेत, कोरी करकरीत आहेत! झिजल्या त्या रहस्यकथा. त्यांतही तुमची लाडकी कोणती? लहान गावातल्या खुनाची. गाव आपल्या ढाणकीएवढंच. दर पावसाळ्यात तिथं तीन मुडदे पडतात आणि मंडळी निवांत चहा पीत बसतात. इथं एक बैल चोरीला गेला तर आठ दिवस गावाच्या घशाखाली घास उतरत नाही. फौजदार तर ठरलेला ठोंब्या. मग खुनी पकडायचा कोणी? लोणची घालणाऱ्या विधवेनं, नाहीतर पेन्शनीतल्या पोस्टमास्तरनं. ती बाई कैरीची फोड चाखते आणि म्हणते, "मीठ जास्त पडलंय, म्हणजे खून डॉक्टरनं केला." आणि आपण माना डोलावतो. काय ही अक्कल!

तुम्ही विचाराल, बाई, तुम्हाला एवढं कसं ठाऊक? अहो, नावं ठेवायची तर वाचून ठेवावीत. सगळी वाचली मी. ते असो.

तर ही पुस्तकं वाचून वाचून गावात घरोघरी हेर झाले. कोणी जरा लंगडत गेलं की पानाच्या ठेल्यावर चर्चा, "थो काहून लंगडून राह्यला? काहीतरी भानगड आहे." बिचाऱ्यांना गुन्हा तेवढा मिळेना. गेल्या दिवाळीत तोही मिळाला. रहस्यकथांची शेवटची पानं नाहीशी होऊ लागली. नेमकी शेवटची, खुनी कोण ते ज्यांत असतं तीच.

झालं! चौकशी मंडळ नेमलं. प्रमुख बळीराम मास्तर, अध्यक्षस्थानी अर्थातच बाबारावजी. मास्तरांनी हेतू शोधला, संधी शोधली, भिंग आणलं. भिंग! आणि निष्कर्ष काय निघाला? वाचक शेवट नाही म्हणून रडत यायचे, तेव्हा सेवादास त्यांना तो तोंडी सांगायचे. मास्तर म्हणाले, शेवट यालाच कसा ठाऊक? म्हणजे पानं यानंच काढली. अहो, ते ग्रंथपाल आहेत! पार्सल फुटलं की पुस्तक पहिल्यांदा ते वाचतात. त्यांना शेवट ठाऊक नसेल तर काय बाजारातल्या शेळीला असेल?

आणि मग बैठकीत कोणीतरी ते वाक्य बोललं. कोण ते मी सांगत नाही, तो गृहस्थ आत्ता स्वतःच्या पायांकडे बघतो आहे. "बंजाऱ्याच्या तांड्यावरचं पोरगं आहे, ध्यान ठेवा लागते." बस्स. त्यानंतर भिंगही लागलं नाही आणि हेतूही लागला नाही.

तुमच्या त्या दीडदमडीच्या पुस्तकांतसुद्धा दुसऱ्या प्रकरणात सगळं गाव माळ्यावर नाहीतर फेरीवाल्यावर संशय घेतं. आणि माळी कधी खुनी निघाला? एकदा तरी? कपाटभर पुस्तकं वाचलीत, तेवढंही शिकला नाहीत? लाज वाटते मला तुमच्या वाचनाची.

लालीबाई माझ्या दारात आल्या होत्या. म्हणाल्या, "बाई, पुस्तकाले पाय लागला तं माहा सेवा कपायाले हात लावते. थो पान फाडन काय?" मी म्हटलं, नाही हो फाडणार. पण माझ्या हाती पुरावा काय होता?

सेवादासांना कोणी काढलं नाही बरं का. आपण सभ्य माणसं. फक्त रोज संध्याकाळी कोणीतरी त्यांच्या पिशवीत डोकावायचं. शेवटी त्यांनीच मारेगावच्या वाचनालयात जागा पाहिली. तिथल्या लोकांनी विचारलं, माणूस कसा आहे? आपल्या चिटणीसांनी कळवलं, "कामाला चोख आहे, पण..." त्या 'पण'च्या पुढं काही नाही. तो 'पण' सेवादासांच्या आधी मारेगावला पोचला आहे. तिथं उद्या सुई हरवली तरी लोक यांच्याकडेच बघतील. शाल, श्रीफळ आणि एक 'पण', असा हा आपला सत्कार.

खरं सांगते, मी चार गोड शब्द बोलून खाली बसणार होते. पण बळीराम मास्तरांचं भाषण लांबलं, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. तेवढ्या वेळात अध्यक्षमहाराजांनी खिशातून तंबाखूची पुडी काढली, मांडीवर उलगडली आणि चुना लावून मळत बसले. शेजारी मी, डोळ्यांवर चष्मा. पुडीच्या कागदावर छापलं होतं, 'विधवेनं लोणच्याची बरणी खाली ठेवली आणि ती म्हणाली, मंडळी, खुनी याच खोलीत आहे.'

नाही, नाही, बाबारावजी, खिशात घालू नका. बघू द्या सगळ्यांना.

काय म्हणता? जरा मोठ्यानं, मागं ऐकू जात नाही. "वाचून झाल्तं न बाई माह्यं! आखरी पान अर्धं कोरं राह्यते, पुडीले बरं पडते." ऐकलंत, मंडळी? हा हेतू! ग्रंथपालांच्या हातून निघालेलं नवं पुस्तक वाचकांच्या आधी अध्यक्षांच्या घरी जातं, हा आपलाच नियम. चौकशीच्या दर बैठकीत ती पुडी टेबलावर होती आणि तुम्ही सगळ्यांनी तिच्यातली चिमूट घेतलीत! काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आणि सेवादासांचं नाव निघालं तेव्हा तुम्ही गप्प का बसलात, बाबारावजी? काय? "मले वाटलं, चोर दुसरा असन. म्या तं फक्त कागद घेतला." धन्य आहे!

सेवादास, थांबा असं मी म्हणणार नाही. या गावाची तेवढी लायकी नाही. तुम्ही खुशाल मारेगावला जा, ताठ मानेनं जा. मास्तर, तुम्ही उद्या सकाळी तिथं तार करा, 'कामाला चोख आहे.' आणि पुढं पूर्णविराम द्या. तुम्ही व्याकरण शिकवता, तेवढं जमेल तुम्हाला.

आणि बाबारावजी, शाल तुमच्याच हातून द्यायची आहे. पण आधी त्या मागच्या रांगेपर्यंत जा. लालीबाईंसमोर उभे राहा आणि पानं कोणी घेतली ते त्यांना तुमच्या तोंडानं सांगा.

आपण सगळ्यांनी एवढा वेळ ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर जाता जाता क्षमा मागायची आपल्याकडे रीत आहे. आज ती रीत मी अध्यक्षांसाठी राखून ठेवली आहे. उठा, बाबारावजी.