जावयाची जीभ

...आणि वर मलाच विचारतात, "भाऊजी, तुम्ही बोलला का नाहीत?" अहो, बोललो ना! भर बाजारात बोललो! तुम्हाला सांगतो, माणसाचा हात मोडला तर लोक दार उघडून देतात, पण चव गेली ना, की त्याचा उकिरडा होतो.

माझी गेली वर्षापूर्वी, तापात. तेव्हापासून करपलेला भात माझ्या ताटात, परवाची भाजी माझ्या ताटात. का? तर ह्यांना काय कळतंय!

अशात मेव्हण्यानं सहल काढली. परकं गाव, रात्रीचा खाण्याचा बाजार... गाड्याला गाडा चिकटलेला, धूर, दिवे, झाऱ्यांचा खणखणाट, नुसती झुंबड! पुढे मोबाइलमध्ये डोकं घालून मेव्हणा, मागे सासूबाई, त्यांच्यामागे आमची ही, आणि शेवटी पिशव्या घेऊन मी. कणीस जळलं? भाऊजींना द्या. मासा कच्चा राहिला? भाऊजींना द्या, ह्यांना काय कळतंय! सासूबाईंना एक तुकडा तिखट लागला, तो त्यांनी तोंडातून काढला आणि माझ्या हातावर ठेवला. "टाकायचा कशाला, जावईबापू?" मीही घातला तोंडात, मला काय फरक पडत होता...

आणि चावता चावता जिभेला काहीतरी झोंबलं. मीठ! अहो, मीठ! वर्षानं! मी रडलो हो, त्या गर्दीत पिशव्या धरून ढसाढसा रडलो. आता पहिली चव सासूबाईंच्या तोंडातून यावी, हे आमचं नशीब!

तेवढ्यात मेव्हण्यानं मोबाइलवर शोधलेला तो नावाजलेला गाडा आला. शिंपल्यांचं सूप, ही रांग! मी एक घोट घेतला आणि थुंकलो. म्हटलं, थांबा, मला चव आलीय, हे नासलंय, कुणी पिऊ नका. मेव्हणा फिदीफिदी हसला. सासूबाई गाडेवाल्याला समजावायला लागल्या, मनावर घेऊ नका, तापापासून हे असेच करतात. मी हिच्याकडे बघितलं. निदान ही तरी? हिनं मानसुद्धा वर केली नाही.

"चारचौघांत तमाशा नको. तुम्हाला काय कळतंय?" असं म्हणून माझी वाटीही हिनंच संपवली.

मग काय, लॉजवर संडास एक आणि उमेदवार तीन! मी रात्रभर बादल्या धुतोय. मेव्हणा दाराबाहेर लोळत म्हणतो, भाऊजी, मी मरतो. म्हटलं, मर, पण रांगेनं मर. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं मला. आणि सकाळी उठून हा प्रश्न, बोलला का नाहीत!

आता घरी परतलोय. काल हिनं भाजी वाढली. पहिला घास घेतला... मिठाचा पत्ता नाही, खालून लागलेली, आणि तेल कुठल्या जन्मीचं ते देवच जाणे. ही हातात उलथनं घेऊन समोर उभी, दारात सासूबाई.

"चव आलीय ना आता? मग सांगा, कशी झालीय?"

उलथनं गरम होतं हो. मी मान खाली घातली, दुसरा घास गिळला आणि म्हणालो, "छे गं, मला काय कळतंय!"