घासलेलं हेड

लेथवाल्याकडे शिलाई मशीनचं चाक घेऊन रांगेत थांबलेल्या बाईच्या कानावर त्याचं आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं बोलणं पडत होतं.

“काका, इंजिनचं हे हेड आधीच घासलंय. आणखी घासू?”

“नको रे बाबा. होतं तेवढं जाड करून दे.”

“घासलेला धातू परत येतो होय! कोणी घासलं एवढं?”

“मीच. पोराला वेग हवा होता, आणि हेड घासलं की इंजिन जोर धरतं. गाडी वाऱ्यासारखी पळायची. मग एका वळणावर थांबलीच नाही.”

लेथ बंद झाला.

“आता ती विकायचीय. दुसऱ्या कुणाचं पोर बसेल तिच्यावर.”

“नवं हेड घाला, काका. आणि ब्रेक?”

“ते आत्ता बदलले. हेड घासलं तेव्हाच तो म्हणाला होता, बाबा, ब्रेकही बदलू. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू. घरी त्याची आई म्हणते, पोरगंच बेफाम होतं.”

“मग तुम्ही?”

“मी मान डोलावतो.”