नुसता खोकला

—नाही, आधी बसा तुम्ही. ऑफिसातून चौकशीला आलात ना, मग उभ्या उभ्या काय विचारताय? ती खुर्ची नको, तिचा पाय डगमगतो, ही घ्या. आणि आवाज जरा खाली ठेवा, आत बायको आहे. तिच्याच भावाचा पाय गेलाय—म्हणजे गेला नाही, आहे जागेवर, पण गुडघ्याखाली काही खरं नाही म्हणतात. परवापासून माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. न बोलो. तेवढीच माझ्या कानांना सुट्टी.

तर काय—माझी तब्येत? कसा दिसतोय? बावीस वर्षं क्रेनच्या केबिनमध्ये बसतोय, चाळीस फूट वर. खालची माणसं तिथून मुंग्यांएवढी दिसतात, आणि खरं सांगू, मी खाली उतरलो तरी फारशी मोठी होत नाहीत. खोकला? अहो, खोकला कुणाला नाही? दिवसभर लोखंडाची धूळ, वर सिगारेट, खोकणार नाही तर काय गाणार?

चक्कर? चक्कर कोण म्हणालं? हिनं सांगितलं, दारातच? वा! म्हणजे माझ्यापुढे मूग गिळून बसायचं आणि परक्यापुढे टकळी चालू. चक्कर नव्हती हो ती. जेवत होतो, ठसका लागला, थांबेचना, आणि मग काय होतं—आधी कडा जातात. सगळं कडेकडेनं काळं होत येतं, भिंत, दिवा, हिचं तोंड, मधोमध एक भोक उरतं, आणि मग तेही बुजतं. डोळे टक्क उघडे असतात बरं का, पण दिसत काही नाही. पुढच्या क्षणाला माझं तोंड ताटात, आणि ही माझ्या डोक्यावर तांब्या ओततेय आणि बोंबलतेय, जसा काही मी वर पोचलोच! चार सेकंद, फार तर पाच. तेवढ्यासाठी सगळा मजला गोळा केला.

मग आला मेहुणा. भाऊजी, डॉक्टरकडे चला. तो म्हणजे कसा, दुसऱ्याला ठेच लागली की हा लंगडतो—लंगडायचा—जाऊ द्या. त्याला कामाला मीच लावला. खाली उभं राहायचं आणि मला हातानं खुणा करायच्या, चल, थांब, सोड, बस्स. माकडालाही जमेल. आणि डॉक्टर! परवा मिसरूड फुटलेलं पोरगं. मला म्हणतो, काका, जोरात खोकलात की छातीत दाब वाढतो, डोक्याला रक्त कमी पडतं, म्हणून डोळ्यांपुढे अंधार येतो आणि शुद्ध जाते. छातीचा फोटो काढा, सिगारेट सोडा, आणि तपास होईपर्यंत गाडी चालवायची नाही, उंचावर चढायचं नाही. म्हटलं, मी चढत नाही, मी उंचावरच असतो. हसलासुद्धा नाही. ऑफिसला कळवा म्हणे. कशाला कळवू? तुम्ही मला खाली आणून पावत्यांवर शिक्के मारायला बसवलं असतं. तुमच्यासारखं. राग नका मानू.

मेहुण्यानं मात्र डोकं खाल्लं. रोज एकच—भाऊजी, तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगतो. म्हटलं, सांगून बघ, परत या घराची पायरी चढायची नाही. बसला गप्प. बसणारच. बोलायला कणा लागतो.

मंगळवारचं? लिहा, स्पष्ट लिहा. दुपारची वेळ, पत्र्यांचा गठ्ठा उचललेला, दोन टनांचा, तो पुढे नेत होतो. खालच्या माणसानं थांबायची खूण केली नाही. हात वर केलाच नाही. खूण नाही म्हणून मी पुढे गेलो. चूक त्याची. हो, बघत होतो! डोळ्यांत तेल घालून बघत होतो, किती वेळा विचारणार? खोकला—आला असेल एखादा. केबिन सगळीकडून बंद, खोकला आला तर काय काच फोडून बाहेर जाऊ? आला, मग परत आला, मग श्वासच घेऊ देईना, आणि क्रेन पुढे न्यायचा दांडा हातात—मी सोडत होतो हो, सोडतच होतो, पण छातीच त्याच्यावर आली, अख्खं अंग दांड्यावर, आणि परत दिसायला लागलं तेव्हा मधोमध आधी तोच दिसला, दोन्ही हात वर, तोंड उघडं, ओरडत असणार, वर कुठे ऐकू येतंय—आणि पळाला का नाही? पळायचं ना गाढवा! नाही, हात वर करून उभाच. भाऊजी बघतील म्हणून. भाऊजी थांबवतील म्हणून—

काय लिहिलंत? वाचा बघू. नाही, तसं नाही म्हणालो मी. हात वर होते म्हणजे... नंतर होते. खोडा ते.

हा कसला कागद? त्याचा जबाब? दवाखान्यात जाऊन घेतलात? आणा इकडे. 'मीच चुकीच्या जागी उभा होतो. भाऊजींचा काही दोष नाही.'

सही बघा कशी केलीय, झोपेत केल्यासारखी.

चुकीच्या जागी कुठे उभा होता हा? पिवळ्या रेघेच्या मागे होता, चांगला दोन पावलं मागे, मी—मला काय विचारता, जमिनीवर डाग असतील अजून, जाऊन बघा. आयुष्यात एकदा खोटं बोलायची वेळ आली, तेही धड बोलता आलं नाही. मूर्ख. मूर्ख लेकाचा.

तू कधीपासून उभी आहेस दारात? आत जा. जा म्हणतो ना. माझ्याकडे काय बघतेस?

आणि साहेब, तुम्ही उठा आता. माझं काय लिहायचं ते लिहा, खोडू नका. पण त्याच्या कागदावर लिहा—खोटं आहे म्हणावं. ठळक लिहा. निघा. दार ओढून घ्या.